बायोस अपडेट नीट झालं, विंडोज मात्र उठेना: एका एडिटिंग मशीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मशीन एका छोट्या व्हिडिओ एडिटिंग टीमचं. नावं-गावं सोडून देऊ, त्याने फरक पडत नाही. १३व्या पिढीचा कोअर आय९, ७०० सिरीज चिपसेटचा बोर्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर विंडोज ११ प्रो, आणि चालू प्रोजेक्टसाठी ८-८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क इंटेल आरएसटीच्या (डिस्क एकत्र जोडून चालवणारं इंटेलचं सॉफ्टवेअर) रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. सगळे याला नुसतं "मिरर" म्हणायचे. ज्याने हे मशीन जोडलं तो केव्हाच दुसरीकडे कामाला गेलेला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, काय चालू काय बंद याची नोंद कुठेच नाही, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत कोणाला तिची गरजही पडली नव्हती.

संपलेल्या प्रोजेक्टची कॉपी एका बाहेरच्या डिस्कवर असायची. चालू प्रोजेक्टची नव्हती, कारण "मिरर आहे ना". हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अपडेट का करायचं ठरलं

मशीनला त्रास काही नव्हता. त्यामुळे "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा" हा मुद्दा टीममध्ये पहिल्यांदा आला आणि बायोसच्या बाबतीत एरवी मीही त्याच पार्टीचा आहे. पण इथे गोष्ट वेगळी होती. २०२४ मध्ये इंटेलने स्वतःच जाहीर केलं की १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये नको तेवढं व्होल्टेज मागितलं जातंय आणि त्याने चिप हळूहळू कमजोर होते. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आत चालणारा छोटा कोड, आला, ज्याने मागणी १.५५ व्होल्टच्या वर जायची थांबवली, आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला ज्याने मशीन रिकामं बसलेलं असताना होणारी जादा मागणीही आवरली. हे यायचे बोर्डाच्या बायोस अपडेटमधून. आणि यातली मेख अशी की हा मायक्रोकोड आधीच खराब झालेली चिप बरी करत नाही, फक्त पुढचं नुकसान टाळतो. म्हणजे क्रॅश व्हायला लागल्यावर बघू, असं म्हणण्यात काही अर्थच नव्हता. टीमचा बायोस २०२३ च्या सुरुवातीचा, म्हणजे या सगळ्याच्या आधीचा. अपडेट करायचा निर्णय बरोबर होता आणि पुढे जे झालं त्यानंतरही माझं मत तेच आहे.

त्या संध्याकाळी काय झालं

मशीन वापरणाऱ्या एडिटरने काम संपल्यावर दोन गोष्टी एका बैठकीत केल्या. आधी बोर्डाच्या सपोर्ट पानावरून आरएसटीचा नवा ड्रायव्हर टाकला. "रीस्टार्ट करा" असं आलं तेव्हा त्याने विचार केला की नाहीतरी बायोससाठी रीस्टार्ट करायचंच आहे, तर एकदाच करू. मग एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर बायोसची फाइल घेऊन बोर्डाच्या आतल्या फ्लॅश टूलमधून अपडेट केलं, विंडोजमधल्या युटिलिटीतून नाही, हे चांगलं केलं. मशीन यूपीएसवर होतं तेही चांगलं.

फ्लॅश १०० टक्के झालं, मशीन आपोआप बंद-चालू झालं आणि मग स्क्रीन काळीच. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, डिस्प्ले नाही. इथे बरेच जण घाबरून पॉवर बटण दाबून धरतात. पण बायोस बदलल्यावर डीडीआर५ मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, पहिल्यापासून होतं आणि रॅम जास्त असली की त्याला काही मिनिटं सहज लागतात, तेवढ्यात बटण दाबलं की ते परत शून्यापासून. एडिटरने हे कुठेतरी वाचलेलं होतं म्हणून तो थांबला.

डिस्प्ले आला तो मेसेज घेऊनच: सेटिंग डीफॉल्टला गेली आहेत, सेटअपमध्ये जायला एफ१ दाबा. त्याने एफ१ दाबलं, घड्याळ बरोबर आहे ना एवढं बघितलं, एफ१० ने सेव्ह करून बाहेर. मग निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ड्राइव्ह एनक्रिप्ट आहे हेच त्याला तेव्हा कळलं! नशिबाने की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह होती, फोनवरून लॉगिन करून, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून त्याने ती टाकली. विंडोजचा लोगो आला, खालचे ठिपके फिरायला लागले, आता झालं असं वाटलं, आणि मग इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असा निळ्या स्क्रीनवर मेसेज, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. आणखी एकदा रीस्टार्ट, परत ४८ अंक, परत तेच. मग विंडोजने आपणहून ऑटोमॅटिक रिपेअर चालवलं आणि हात वर केले की तुमचा पीसी दुरुस्त करता आला नाही.

मला फोन आला तो इथे.

खरी अडचण कुठे होती

एडिटरचं निदान तयार होतं: नवा ड्रायव्हर खराब आहे, तो काढायचा. त्याला दोषही देता येत नाही, स्टोरेजचा ड्रायव्हर बदलला आणि डिस्क सापडेना, हिशेब सरळ दिसतो. पण त्याच संध्याकाळी बायोसही बदललेला आणि मध्ये एकही नीट बूट झालेला नाही, त्यामुळे दोघांतला कोण हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं.

इथे थोडं आतलं समजून घ्यावं लागेल. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बहुतेक मशीनमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर असतो. तो चालू असला की विंडोजला एनव्हीएमई डिस्क थेट दिसतच नाही, दिसतो तो व्हीएमडी, आणि त्याच्याशी बोलायला इंटेलचा आरएसटी ड्रायव्हरच लागतो. तो बंद असला की डिस्क थेट दिसते आणि विंडोजचा घरचा एनव्हीएमई ड्रायव्हर पुरतो. ७०० सिरीजच्या बोर्डावर आरएसटीचं रेड करायचं तर व्हीएमडी चालू करावाच लागतो, म्हणजे मशीन जोडणाऱ्याने तो चालू केलेला असणार. आणि बायोस अपडेटने सेटिंग डीफॉल्टला गेली, तर या बोर्डावर डीफॉल्ट काय? बंद.

मग लोगो तरी कसा आला, हा एडिटरचा प्रश्न, आणि प्रश्न चांगला आहे. बूट होताना सुरुवातीच्या फाइल्स बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, फर्मवेअरच्याच (म्हणजे बायोसच्याच) मदतीने वाचतो, तोवर विंडोजच्या ड्रायव्हरची गरज नसते. एकदा कर्नलने, म्हणजे विंडोजच्या गाभ्याने, ताबा घेतला की मात्र त्याला स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क परत शोधावी लागते. आणि विंडोजची एक सवय आहे, जो स्टोरेज ड्रायव्हर या मशीनवर बूटसाठी लागत नाही त्याला तो बूटच्या यादीतून बाजूला काढून ठेवतो. घरचा एनव्हीएमई ड्रायव्हर डिस्कवर होता, चांगला होता, पण त्याला उठवायला कोणी जाणार नव्हतं. कर्नल इंटेलचा ड्रायव्हर घेऊन व्हीएमडी शोधत बसला आणि व्हीएमडी बायोसमध्ये बंद. ठिपके फिरून निळी स्क्रीन येते ती नेमकी या सांध्यावर.

अर्थात हा तोपर्यंत माझा अंदाज. सिद्ध व्हायचा होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बायोस परत जुना टाकायचा. ऐकायला सगळ्यात स्वाभाविक वाटतो, पण त्यात एक गंमत आहे, जुना बायोस टाकला तरी सेटिंग पुन्हा डीफॉल्टलाच जातात, म्हणजे व्हीएमडी बंदच राहिला असता आणि निळी स्क्रीन जशीच्या तशी. वर काही बोर्ड नव्या फर्मवेअरवरून मागे जाऊच देत नाहीत. हा लगेच बाद.

दुसरा, रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टमधून डिझम हे विंडोजचं दुरुस्तीचं टूल वापरून नवा ड्रायव्हर काढून टाकायचा. एडिटरला हाच हवा होता, त्याने शोधून कमांडही काढून ठेवली होती. माझ्या मते यातला सगळ्यात धोकादायक पर्याय हा. अंदाज बरोबर असेल तर ड्रायव्हर निर्दोष होता, आणि तो एकदा काढला की नंतर व्हीएमडी चालू करूनही विंडोज उठलं नसतं. म्हणजे एका अडचणीच्या दोन झाल्या असत्या, आणि दुसरी आपण केलेली.

तिसरा, "रीसेट धिस पीसी", फाइल ठेवून. यात विंडोज नवं झालं असतं, पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर, प्लगइन, त्यांची लायसन्स सगळं परत बसवावं लागलं असतं, आणि मिररचा प्रश्न तसाच राहिला असता. शेवटचा उपाय म्हणून ठीक.

चौथा, बायोसमध्ये व्हीएमडी परत चालू करून बघायचा. डिस्कवर काही लिहिलं जात नाही, नाही जमलं तर परत बंद करता येतो.

पाचवा, व्हीएमडी बंदच ठेवून विंडोजला घरच्या ड्रायव्हरवर आणायचं. सेफ मोडची एक युक्ती आहे त्यासाठी, पुढे येईल. पण त्यात मिररच्या दोन डिस्क सुट्या पडल्या असत्या.

चौथाच करायचा हे उघड होतं. पण त्याआधी मला एक गोष्ट बघायची होती.

आधी काय पाहिलं

रिकव्हरीत कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्टमध्ये डिस्कची यादी काढायला सांगितली. तो फोनवर वाचायला लागला, "तीन दिसतायत. ७४५२ जीबी, परत ७४५२ जीबी, आणि ९३१ जीबी. एका ७४५२ समोर ऑफलाइन लिहिलंय. ऑनलाइन करू का तिला?"

"नको. काहीच करू नकोस. आधी मशीन बंद कर."

८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७४५२ जीबी दिसते, ते ठीक. पण मिरर शाबूत असता तर विंडोजला तशी एकच दिसायला हवी होती. दोन दिसतायत याचा अर्थ रेड ओळखणारं वर कोणी नाहीये, व्हीएमडी बंद आहे. अंदाजाला पहिला पुरावा मिळाला. पण सोबत एक भीतीही आली. दोन्ही डिस्कवर सगळं सारखं, ओळखक्रमांकासकट, म्हणून विंडोज गोंधळून एकीला ऑफलाइन ठेवतं आणि दुसरी मात्र उघडतं. आणि उघडलेल्या डिस्कवर विंडोज काही ना काही लिहितंच, तुम्ही एकही फाइल उघडली नाहीत तरी एनटीएफएसचा लॉग असतो, ऑटोमॅटिक रिपेअर तर तपासणीच चालवतं. एकीवर लिहिलं गेलं आणि दुसरीवर नाही, की मिरर वरून दिसायला मिरर, आतून दोन वेगळ्या डिस्क.

म्हणून पहिलं पाऊल बायोस नाही, स्क्रू ड्रायव्हर. मशीन बंद, पॉवरची केबल काढलेली, बाजूचं पॅनल उघडून दोन्ही हार्ड डिस्कच्या साटा डेटा केबल काढल्या. कोणती कुठल्या पोर्टला होती ते टेपवर लिहून चिकटवलं, आरएसटी पोर्ट बदलला तरी डिस्क ओळखतं पण अशा वेळी अजून एक शंका डोक्यात नको. दोन्ही एकदम काढणं महत्त्वाचं. एकच काढली आणि व्हीएमडी चालू केला तर आरएसटी म्हणेल मिरर तुटला, आणि ती परत जोडल्यावर रीबिल्ड, म्हणजे एकीवरून दुसरीवर कॉपी, सुरू करेल, भलत्या दिशेनेही करू शकेल.

केबल काढण्यावरून आमच्यात थोडं झालं. त्याचं म्हणणं, सरळ व्हीएमडी चालू करू ना, सगळंच जागेवर येईल. येण्याची शक्यता मोठी होती, मान्य. पण नसतं आलं तर अजून किती रीस्टार्ट, किती रिपेअर होणार आहेत हे माहीत नाही आणि प्रत्येक वेळी ती एक डिस्क उघडी. चालू प्रोजेक्टची दुसरी कॉपी कुठेच नसताना तो डाव खेळण्यात मला शहाणपणा वाटला नाही.

मग नुसत्या एनव्हीएमईवर परत रिकव्हरीत. की टाकून सी ड्राइव्ह उघडला, तिथून रजिस्ट्री एडिटर चालवून बंद पडलेल्या विंडोजची सिस्टिम हाइव्ह, म्हणजे त्याच्या सेटिंगची फाइल, लोड केली. सर्व्हिसेसमध्ये इंटेलचा आयएस्टोरव्हीडी, त्याची स्टार्ट व्हॅल्यू ०, म्हणजे बूटलाच उठणार. घरचा स्टोरएनव्हीएमई, त्याच्याखाली स्टार्टओव्हरराइड, त्यात ३, म्हणजे बोलावल्याशिवाय उठणार नाही. आता अंदाज राहिला नव्हता. हाइव्ह अनलोड केली, काहीही न बदलता. ३ चं ० करून विंडोज लगेच उठवता आलं असतं बहुतेक, पण तो पाचवा पर्याय झाला असता मागच्या दाराने.

काय केलं

राहिला प्रश्न व्हीएमडीखाली नेमकं काय काय होतं. कारण हे नुसतं चालू-बंदचं एक बटण नसतं, व्हीएमडी कंट्रोलर एनेबल केला की खाली यादी उघडते, कुठला एम.२ चा (एनव्हीएमई बसते त्या जागेचा) रूट पोर्ट त्याखाली मॅप करायचा, साटा कंट्रोलर करायचा की नाही, सगळं वेगवेगळं. बायोसचे जुने फोटो नव्हते. सेव्ह केलेला बायोस प्रोफाइल होता पण नव्या व्हर्जनने तो लोड करायला नकार दिला, जे बऱ्याच बोर्डांवर होतं. शेवटी टीमच्या चॅटमध्ये आरएसटी अ‍ॅपचा एक स्क्रीनशॉट सापडला, मिरर ठीक आहे ना हे कोणीतरी कोणालातरी विचारलं होतं तेव्हाचा. त्यात मिररच्या दोन डिस्क आणि खाली एनव्हीएमई, तिन्ही. म्हणजे एम.२ आणि साटा दोन्ही मॅप केलेलं होतं.

व्हीएमडी एनेबल, एनव्हीएमईचा रूट पोर्ट मॅप, सेव्ह, रीस्टार्ट. बिटलॉकरने परत एकदा की मागितली, आणि विंडोज डेस्कटॉपपर्यंत सरळ गेलं. नवा आरएसटी ड्रायव्हर चालू, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठेही पिवळं चिन्ह नाही. म्हणजे ज्या ड्रायव्हरला काढायला निघालो होतो त्याच्यावरच विंडोज उठलं.

मग बिटलॉकर सस्पेंड केलं, जे खरं तर सगळ्याच्या आधी व्हायचं काम. मशीन बंद करून दोन्ही साटा केबल एकदम जोडल्या, बायोसमध्ये साटा कंट्रोलर व्हीएमडीखाली मॅप केला, बूट. आरएसटी अ‍ॅपमध्ये एकच व्हॉल्यूम, स्टेटस नॉर्मल. एडिटर लगेच प्रोजेक्ट उघडायला निघाला, त्याला थांबवलं.

नॉर्मलवर विश्वास ठेवायचा का

आरएसटीचं नॉर्मल म्हणजे दोन्ही डिस्क हजर आहेत आणि त्यांच्यावरची रेडची माहिती जुळतेय, एवढंच. आतला डेटा अजून सारखा आहे का हे ते न तपासता सांगत नाही. आणि आपल्याला माहीत होतं की एक डिस्क काही वेळ एकटी उघडी होती.

त्यासाठी व्हेरिफाय असतं. फक्त इथे एक टिकमार्क असतो, फरक सापडला तर आपोआप दुरुस्त करू का, आणि रेड १ मध्ये दुरुस्त करणं म्हणजे मूळ मानलेल्या डिस्कवरचा डेटा दुसरीवर उमटवणं. कुठली खरी हे आरएसटीला कळत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून टिक न लावता नुसतं तपासायला लावलं. ८ टीबीची डिस्क, ते रात्रभर चाललं आणि दुसऱ्या दिवशीही बराच वेळ चाललं. मिसमॅच निघाले. फार नाही, पण निघाले.

मग क्रम असा ठेवला: आधी चालू प्रोजेक्टचं सगळं फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी, कॉपी झाल्यावर एडिटरने टाइमलाइन उघडून मीडिया ऑफलाइन कुठे दिसत नाही ना ते बघितलं, आणि त्यानंतर टिक लावून व्हेरिफाय परत चालवलं. फुटेजला काही झालेलं नव्हतं. फरक बहुधा फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींमधले असावेत, विंडोजने डिस्क उघडताना केलेले. केबल काढायला अजून उशीर झाला असता तर किती झाले असते, याचं उत्तर आता कोणी देऊ शकत नाही.

राहिलेली किरकोळ कामं: एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेगाचा प्रोफाइल, परत लावणं, पंख्यांचा कर्व्ह. पॉवर लिमिट आधी मोकाट सोडलेलं होतं ते मात्र परत तसं केलं नाही, इंटेलच्या डीफॉल्ट प्रोफाइलवरच राहू दिलं. ज्यासाठी एवढं सगळं केलं त्याच्याच विरोधात जाणारं सेटिंग परत का लावायचं.

नंतरचा निर्णय, ज्यावर जास्त वेळ गेला

मशीन चालू झालं तरी प्रश्न तसाच होता. पुढच्या बायोस अपडेटला हेच परत होणार, किंवा बोर्डाची बॅटरी उतरली तरी.

टीमला सुचलेला उपाय असा: एनव्हीएमई व्हीएमडीच्या बाहेर काढू, विंडोज घरच्या ड्रायव्हरवर उठेल, मग बायोस कितीही रीसेट होवो, विंडोज अडणार नाही. मिरर राहू दे व्हीएमडीखाली. पहिल्यांदा ऐकताना मलाही पटलं होतं. पण जरा पुढे नेऊन बघा. बायोस रीसेट झाला, व्हीएमडी बंद पडला, विंडोज मात्र मजेत उठलं. निळी स्क्रीन नाही, काही नाही. मिररच्या दोन डिस्क सुट्या, त्यातली एक डी ड्राइव्ह म्हणून हजर, सगळे प्रोजेक्ट जागेवर दिसतायत, एडिटर कामाला बसला. दिवसभर एकाच डिस्कवर लिहिलं जातंय आणि कोणाला पत्ता नाही. नंतर कोणीतरी व्हीएमडी चालू करतं आणि आरएसटी म्हणतं नॉर्मल. त्या संध्याकाळची निळी स्क्रीन त्रासाची होती खरी, पण मिरर वाचवला तो तिनेच, विंडोज उठलंच नाही म्हणून.

म्हणून दोनच टोकं उरली, एकतर सगळं व्हीएमडीखाली किंवा काहीच नाही. अधलंमधलं सगळ्यात वाईट.

सगळं व्हीएमडीखाली ठेवायचं तर बायोसच्या प्रत्येक पानाचे फोटो आणि शिस्त, ती एका माणसावर अवलंबून. काहीच नाही म्हणजे बोर्डाचं रेड सोडायचं. मिरर हवाच असेल तर विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये करता येतो, त्याला बायोसमध्ये व्हीएमडी असो नसो फरक पडत नाही, डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला लावल्या तरी ओळखल्या जातात. तोटा एवढाच की डिस्क त्यात घेताना पुसल्या जातात, सगळा डेटा आधी दुसरीकडे हलवावा लागतो. त्यांनी चालू प्रोजेक्ट हातातून जाईपर्यंत आहे तसंच ठेवलं आणि मग दुसरा रस्ता घेतला. डेटा हलवायला जी नवी मोठी डिस्क आणली तीच पुढे रोज रात्रीच्या बॅकअपला लावली. "मिरर आहे ना" हे त्यानंतर बंद झालं.

विंडोजला घरच्या ड्रायव्हरवर आणायचं सेफ मोडने केलं. बिटलॉकर सस्पेंड, मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीएडिटने सेफबूट मिनिमल लावलं, म्हणजे पुढचे बूट सेफ मोडमध्ये, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी पूर्ण बंद. सेफ मोडमध्ये विंडोज स्टोरेजचे सगळे मूळ ड्रायव्हर उठवून बघतं, त्यात घरचा एनव्हीएमई ड्रायव्हर लागू पडतो आणि तो बूटच्या यादीत परत येतो. मग सेफबूटची व्हॅल्यू काढून नेहमीसारखा बूट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता स्टँडर्ड एनव्हीएम एक्सप्रेस कंट्रोलर दिसतो. एक सांगून ठेवतो, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड माहीत असू द्या. एडिटरला तो आठवत नव्हता आणि हे आधीच विचारलं म्हणून बरं झालं.

वेगळं काय करता आलं असतं

ड्रायव्हर आणि बायोस एकाच बैठकीत करायला हरकत नव्हती, पण मध्ये एक पूर्ण रीस्टार्ट हवा होता. ड्रायव्हर टाकून विंडोज नीट उठलं हे एकदा दिसलं असतं तर निळी स्क्रीन आल्यावर ड्रायव्हरवर संशयच गेला नसता. आधी ड्रायव्हर मग बायोस हा क्रम मात्र मला बरोबर वाटतो.

अपडेटच्या आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्स उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं. तिथे आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर असं दिसलं की समजायचं, बायोस रीसेट झाला तर हे मशीन उठणार नाही, आणि फ्लॅश झाल्यावर पहिल्याच एफ१ ला व्हीएमडी चालू करून मगच बाहेर पडायचं. त्याने घड्याळ बघितलं त्याच वेळी हे झालं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. रेड असेल तर फ्लॅशच्या आधीच त्या डिस्कच्या केबल काढून ठेवणं अजून चांगलं, मला विचाराल तर हे सगळ्यात वरचं, बाकी सगळं परत बसवता येतं.

बिटलॉकरचं म्हणाल तर सस्पेंड करणं हा अर्धाच भाग. की दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवरून किंवा फोनवरून खरंच उघडता येते का हे बघणं उरलेला अर्धा. इथे अकाउंटचं लॉगिन फोनवर चालू होतं म्हणून निभावलं. आणि आरएसटीचा ड्रायव्हर सुटा करून पेन ड्राइव्हवर ठेवा. हल्ली तो सेटअपच्या एकाच एक्झी फाइलमध्ये येतो, रिकव्हरीला किंवा विंडोज इन्स्टॉलरला ती उपयोगाची नाही, त्यांना आतली आयएनएफ फाइल असलेला फोल्डर लागतो. सेटअपला एक्स्ट्रॅक्ट-ड्रायव्हर्सचा पर्याय देऊन तो काढता येतो, पण ते चालणाऱ्या विंडोजवरच करायचं काम आहे, अडल्यावर नाही.

मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ मायक्रोकोड जाहीर झाला आणि बोर्डाचा त्याचा बायोस आल्यावर त्यांनी तोही टाकला. बिटलॉकर सस्पेंड करून, ड्रायव्हरला हात न लावता. सेटिंग परत डीफॉल्टला गेली, व्हीएमडी बंद, जो आता तसाही बंदच होता. विंडोज पहिल्याच बूटला उठलं, स्टोरेज स्पेसेसचा मिरर जागेवर, की मागितली नाही. एक्सएमपी लावायचं मात्र विसरले आणि रॅम का हळू चालतेय हे विचारायला मला परत फोन आला.